जुन्या होडीची फळी

आमच्या मजल्यावर दोनच दारं. एक माझं आणि समोरचं कोमलचं. कोमलचे वडील, दादू नाखवा, करंजाहून तिच्याकडे राहायला आले त्याच आठवड्यात मी सोसायटीच्या सेक्रेटरीकडे तक्रार केली, की जिन्यात सुक्या बोंबलांचा वास येतो. तक्रार खरी होती आणि ती मी अजूनही मागे घेतलेली नाही. फरक एवढाच, की आता ते बोंबील भाजून माझ्याही ताटात येतात.

नाखवा म्हणजे होडीचा मालक. करंजाच्या बंदरात दादूंची स्वतःची होडी होती, 'रंभाई' नावाची. त्यांच्या आजीचं नाव रंभा, तिच्यावरून ठेवलेलं. आधी गुडघे गेले, मग बायको भीमाबाई गेली, मग होडीही विकावी लागली. कोमल इथे एका इस्पितळात नर्स आहे. ती म्हणाली, "बाबा, तिथे एकटे काय करणार? चला पनवेलला." नाखवा आले. इथे येऊन काय करायचं, ते मात्र त्यांना कुणी सांगितलं नाही. दिवसभर गॅलरीत बसायचे. डोक्यावरून विमानं जायला लागल्यापासून त्यांना तेवढीच करमणूक. बघून म्हणायचे, "हे भरलेलं हाय. हे रिकामं." मी विचारलं, कशावरून? "चालीवरून, बाय," म्हणाले. खरं-खोटं विमानवाल्यांना माहीत.

त्यांच्या हाताला काम मिळालं ते जावयाच्या आळसामुळे. प्रितेश, कोमलचा नवरा, उरणकडे बंदरातल्या एका कंपनीत आहे. ऑफिसातले जुने कॉम्प्युटर मोडीत निघाले तेव्हा त्यातला एक त्याने घरी आणला. त्याचा घरगुती सर्व्हर करायचा बेत होता. म्हणजे एक पेटी, तिच्यात चार हार्ड डिस्क, त्यात घरातले सगळे सिनेमे, गाणी, फोटो; आणि ते टीव्हीवर, मोबाइलवर, कुठल्याही खोलीत बसून बघायचे. नव्याचे नऊ दिवस. दहाव्या दिवशी पेटी चपलांच्या कपाटाशेजारी गेली आणि प्रितेश क्रिकेट बघत बसला.

नाखव्यांनी ती पेटी उचलून गॅलरीच्या दाराशी आणली. "इंजिनाला वारा पायजे," म्हणाले. मग मोबाइलवर हिंदी व्हिडिओ लावून, चष्मा कपाळावर ठेवून, ते शिकायला बसले. चष्मा कपाळावर असताना त्यांना काय दिसत होतं हे मला आजतागायत समजलेलं नाही. पण डिस्क कशी बसवायची, कशी काढायची, सगळं त्यांना येऊ लागलं. एका डिस्कचे आतल्या आत वेगळे भाग पाडता येतात आणि त्यांना पार्टिशन म्हणतात, एवढं प्रितेशने जाता जाता सांगितलं. नाखव्यांना ते फार समजवावं लागलं नाही.

"मंजे खन," ते म्हणाले.

होडीच्या पोटात बर्फाचे खण असतात. पापलेटचा वेगळा, कोळंबीचा वेगळा, आणि बोंबलाचा तर सगळ्यात वेगळा, कारण बोंबील पाणी सोडतो आणि शेजाऱ्यालाही नासवतो. नाखव्यांनी त्या चार डिस्कचे खण तसेच पाडले. रोजच्या मालिका बोंबलाच्या खणात. त्या आठवडाभर ठेवायच्या आणि टाकून द्यायच्या, नाहीतर वास मारतात. मारामारीचे सिनेमे एका खणात, कारण ते प्रितेश दोनदा बघतो आणि मग विसरतो. जुने काळे-पांढरे सिनेमे खालच्या खणात. त्यांना बर्फ लागत नाही, असं नाखवा म्हणायचे.

इथे आमची जुंपली. मी पनवेलच्या एका वाचनालयात उभा जन्म पुस्तकं लावण्यात घालवला. वस्तू कशी लावावी हे मला कुणी शिकवायला येऊ नये. मी सांगितलं, आधी भाषा, मग साल, मग नाव. जगात असंच लावतात.

"आनि नासेल कवा, ते कशावरून कलायचं?" नाखव्यांनी विचारलं.

"सिनेमा म्हणजे मासळी नाही, नाखवा. तो नासत नाही."

"परवा तुमीच अर्ध्यात उठल्या ना गो बाय? म्हनाल्या, हा आता बघवत नाय. पंचवीस वर्सांपूर्वी तुमाला आवडला होता. मंग तो नासला का तुमी?"

यावर मला उत्तर सुचलं, पण ते दुसऱ्या दिवशी सुचलं. तोवर समोरच्या घरात सगळा माल टिकण्याच्या हिशेबाने लागून गेला होता. सर्वांत तळाचा खण, चौथ्या डिस्कमधला शेवटचा, त्यांनी कुणाला उघडू दिला नाही. त्या डिस्कचं नाव त्यांनी 'रंभाई' ठेवलं होतं. त्या खणात भीमाबाईंचा आवाज होता.

भीमाबाई धवलारीण होत्या. कोळ्यांच्या नि आगऱ्यांच्या घरात लग्न लागतं ते धवळ्यांनी, म्हणजे लग्नाच्या गाण्यांनी. मांडव घालण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक कामाचा धवळा वेगळा. धवलारीण एक ओळ म्हणते, मग थांबते, आणि सोबतच्या बाया तीच ओळ मागे म्हणतात. भटजी असला तरी तो आपला मंत्र म्हणून मोकळा. पोरीला रडू येतं ते धवळ्याला. करंजा, उरण, पार उलव्यापर्यंत लोक भीमाबाईंना न्यायला गाडी पाठवायचे. मी त्यांना कधी भेटले नाही. त्या गेल्यावरच नाखवा इथे आले. पण त्यांचा आवाज मी भिंतीपलीकडून इतका ऐकलाय, की रस्त्यात कुठे ऐकू आला तर मी वळून बघेन.

हे आवाज नाखव्यांनी स्वतः टिपलेले. त्यामागे एक राग होता. भाचीच्या लग्नाचा व्हिडिओ घरी आला तेव्हा सगळे कौतुकाने बघायला बसले. हळदीचा प्रसंग आला, भीमाबाई दिसल्या, तोंड हलतंय, हात हलतोय, आणि आवाज मात्र कुठल्याशा सिनेमातल्या गाण्याचा. व्हिडिओवाल्याने वरून चढवलेला. "माझी बायको आनि आवाज दुसरीचा," नाखवा अजून चिडून सांगतात. त्याच आठवड्यात त्यांनी आवाज टिपणारा मोबाइल घेतला आणि होडी किनाऱ्याला असेल तेव्हा ते भीमाबाईंबरोबर प्रत्येक लग्नाला जायला लागले. मोबाइल सदऱ्याच्या खिशात. त्यामुळे सगळ्या धवळ्यांत मधूनमधून नाखव्यांचा खोकला आहे. लोक म्हणायचे, बायकोच्या मागं मागं फिरतोय म्हातारा. म्हणोत बापडे.

पुढे कोमलच्या मुलीचं, रोशनीचं लग्न ठरलं. रोशनी अगदी सरळ पोर. ती आजोबांच्या मांडीशी येऊन बसली आणि म्हणाली, "आजोबा, हळदीला मला आजीचाच धवळा हवा. डीजे वगैरे नंतर. आधी आजी."

"तुजी आजीच हलद लावंल तुला," नाखवा म्हणाले. "माझा शबुद."

मी तिथेच बसले होते. कोमल स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती आत निघून गेली. मला तेव्हा वाटलं, तिला आईची आठवण आली असेल.

लग्न जवळ येत गेलं आणि चौथी डिस्क कुरकुरायला लागली. ते आधी नाखव्यांनाच ऐकू आलं. इंजिनाचा बिघाड कानाने ओळखायची सवय जन्माची. "हिला आता लई दिवस नाय," म्हणाले आणि प्रितेशला घेऊन नवी डिस्क आणली. एवढं केलं ते शहाणपणाचं केलं. पुढे जे केलं ते करंजाच्या नाखव्याशिवाय दुसऱ्या कुणी केलं नसतं.

त्यांच्या घराण्यात नवी होडी पाण्यात घालताना तिला जुनीचंच नाव देतात. होडी मोडीत निघेल, पण तिचं नाव घरातून जाता कामा नये. जुनी होडी किनाऱ्याला उभी असेल तोवर तिच्यावरचं नावही पुसत नाहीत, कारण बिननावाच्या होडीला दर्या ओळखत नाही. आणि नवीवर दुसरं काहीही चढवायच्या आधी जुन्या होडीची एक फळी काढून नवीत बसवतात. ही फळी बसली की मग जाळी, बर्फ, माणसं.

त्याप्रमाणे नव्या डिस्कसमोर नारळ फुटला. तिला हळदकुंकू लागलं. मी ओरडले, "अहो, कुंकू आत जाईल!" तर म्हणाले, "वरवर लावलंय." मग त्यांनी तिचं नाव ठेवलं: रंभाई.

"दोघींचं एकच नाव?" मी म्हटलं. "आमच्याकडे एकाच पुस्तकाच्या दोन प्रती असल्या तरी नंबर वेगळे देतात."

"ती पुस्तकं, बाय. ही होडी."

मी म्हणेन ती पूर्व दिशा, अशातला हा माणूस. त्यांनी तळच्या खणातून एकच फाइल नव्या डिस्कवर नेऊन ठेवली. मी विचारलं, काय ठेवलंत? "फली," म्हणाले, आणि कुठली ते सांगितलं नाही.

बाकीचं सगळं नेण्यासाठी त्यांनी एक प्रोग्राम लावला. त्याचं काम सरळ असतं. एक डिस्क खरी मानायची आणि दुसरी हुबेहूब तिच्यासारखी करायची. खरीत जे आहे ते दुसरीत भरायचं आणि खरीत जे नाही ते दुसरीतून पुसायचं. नाखव्यांनी त्याला सांगितलं, रंभाईवरचं रंभाईवर ने. करंजात कुणालाही असं सांगितलं असतं तर त्याने विचारलं असतं, बाबा, जुनी कुठली आणि नवी कुठली? मशीन कशाला विचारेल! त्याने नवी रंभाई खरी मानली. तिच्यात एकच फाइल होती. म्हणून त्याने जुनीतही तेवढी एकच ठेवली आणि बाकीचं सगळं धुऊन काढलं.

नाखवा तेव्हा पनवेलमध्येच, उरण नाक्याच्या बाजारात मासळीवाल्यांशी गप्पा मारत होते. आल्यावर त्यांनी बघितलं आणि थोड्या वेळाने माझी बेल वाजली. दारात उभे होते. हाताला अजून मासळीच्या पिशवीचं पाणी.

"बाय," ते म्हणाले, "दोनी रंभाईत फलीच हाय."

नंबर वेगळे द्यायला हवे होते, हे वाक्य माझ्या जिभेवर होतं. त्यांच्या तोंडाकडे बघून मी ते गिळलं. आयुष्यात गिळलेल्या मोजक्या वाक्यांपैकी ते एक.

ज्या मोबाइलवर ते आवाज टिपले होते तो केव्हाच मोडीत गेला होता. पुसलेलं परत काढून देणारी दुकानं असतात. प्रितेशने धावपळ केली, तो काही वाईट नाही. पण जुनी डिस्क मुळातच आजारी होती. दुकानात तिला जरा जोराने फिरवल्याबरोबर तिने मान टाकली. मग आम्ही दोघींनी, मी आणि कोमलने, फोन करायला घेतले. ज्यांच्या ज्यांच्या घरी भीमाबाई गायल्या होत्या त्या सगळ्यांना. लोकांनी मोठ्या मनाने पेन ड्राइव्ह पाठवले, जुन्या सीड्या पाठवल्या. आम्ही एकेक लावून बघत गेलो. प्रत्येकात भीमाबाई होत्या. हिरव्या लुगड्यात, पिवळ्या लुगड्यात, तरुण, म्हाताऱ्या. आणि प्रत्येकात त्यांचं तोंड हलत होतं नि वर सिनेमातलं गाणं चालू होतं. दहाएक लग्नांनंतर कोमलने टीव्ही बंद केला.

"दुसरी धवलारीण बोलावू, बाबा," ती म्हणाली. "मिळते अजून एखादी."

रोशनीनेही समजूत काढली. "आजोबा, खरंच चालेल." खरंच चालेल असं माणूस म्हणतं तेव्हा ते चालणार नसतं, एवढं नाखव्यांना कळत होतं. ते पेटीजवळ जायचे थांबले. बोंबलाच्या खणात मालिका साचल्या, टाकायला कुणी नाही. ते पुन्हा गॅलरीत बसायला लागले. विमानं जायची, पण भरलेलं की रिकामं ते सांगेनात. मला राग आला. माणसावर राग काढता येत नसला की मी भांडी जोरात आपटते, तशी चार दिवस आपटली आणि पाचव्या दिवशी त्यांच्यापुढे जाऊन बसले.

"फळी आहे ना तुमच्याकडे?" मी म्हटलं. "त्यात भीमाबाई नाहीत का?"

"हायत."

"मग ती लावा की हळदीला. बुडत्याला काडीचा आधार, तुमच्याकडे तर फळी आहे."

नाखवा हसले नाहीत. त्यांनी मोबाइल काढला आणि मला ती ऐकवली.

आधी कुकरची शिटी. मग मासळीचे खवले काढल्यासारखी खरखर. करंजाच्या घरातलं स्वयंपाकघर. मग भीमाबाईंचा आवाज, मांडवातल्यासारखा उंच नाही, घरातला, अगदी जवळचा: "कोमल, म्हन माज्या मागं." आणि त्यांनी ओळ म्हटली.

*मांडवाच्या दारी पानी सांडलं...*

मग त्या थांबल्या. मागून कुणी म्हणायचं असतं, तशी जागा सोडून. त्या जागेत मोबाइलची बटणं टकटक वाजली आणि कोमलचा आवाज आला, "हं, आये, एक मिनिट." तेव्हा रोशनी शाळकरी होती आणि कोमल सुट्टीला माहेरी आलेली. भीमाबाईंनी पुन्हा तीच ओळ म्हटली. "म्हन गो." पुन्हा थांबल्या. पुन्हा टकटक. त्यांनी दुसरी ओळ म्हटली.

*सावकाश ये गो लेकी, पाय निसरंल...*

आणि पुन्हा थांबल्या. इथे नाखव्यांनी मोबाइल बंद केला.

"तिला कोमलला शिकवायचं होतं," ते म्हणाले. "लई वेला बसवली. कोमल म्हनायची, आता कोन गातं ते. नर्स झालीय, तिला लाज वाटायची. ती कामाची पोर हाय, वाईट नाय. पन तिच्या आयशीच्या मागं म्हनायचं ऱ्हायलं ते ऱ्हायलंच. आता हे समद्या भावकीपुढं कसं लावू? रोशनीला शबुद दिलाय. पन कोमलला लागंल ना."

तेव्हा मला कोमल दारातून आत का गेली ते कळलं. एका बाजूला नातीला दिलेला शब्द, दुसऱ्या बाजूला लेकीचं मन, आणि भीमाबाईंचा जगात उरलेला एकुलता एक आवाज या दोघींच्या मधोमध.

"ही का निवडलीत मग फळी म्हणून?" मी विचारलं. "एवढे धवळे होते. मांडवातले, चांगले."

"ते समद्यांचे होते," नाखवा म्हणाले. "त्यात ती लोकांची धवलारीन. ह्यात माझ्या घरातली हाय."

मी पदराने नाक पुसलं आणि उपाय सुचवला, कारण मला नुसतं रडता येत नाही. मधल्या मोकळ्या जागा कापून टाकायच्या. कोमलचं "एक मिनिट" कापायचं, बटणं कापायची, ओळीला ओळ जोडायची. कुणाला कळणार आहे? नाखव्यांनी ते करूनही बघितलं. आम्ही दोघांनी ऐकलं. तीन ओळी भराभर निघून गेल्या.

"ही घाईत हाय," ते म्हणाले. "ती कदी घाईत नव्हती." आणि त्यांनी ते पुसून टाकलं, या वेळी नाव नीट बघून.

हळद करंजाला होती, जुन्या घरासमोर. आम्ही एकाच गाडीतून निघालो. प्रितेश गाडी चालवत होता, त्याच्या शेजारी नाखवा, मागे मी आणि कोमल, मांडीवर फुलांच्या परड्या. रोशनी आदल्या दिवशीच गेली होती. बरंच अंतर गेल्यावर नाखवा मागे न बघता म्हणाले, "कोमल, तुज्या आयशीचं जे ऱ्हायलंय, त्यात तूपन हायस. लावू का नको, तू सांग."

"मी काय करतेय त्यात?" कोमलने विचारलं.

"काय नाय करत."

कोमल खिडकीतून बाहेर बघायला लागली. तिला आठवत असावं. नक्कीच आठवत असावं. परडीतली फुलं ती एकेक करून सरळ करत राहिली, जी सरळच होती. खाडीचा वास आत यायला लागला तेव्हा ती म्हणाली, "लावा, बाबा."

संध्याकाळी अंगणात मांडवाखाली रोशनीला पाटावर बसवलं. सगळ्या भावकीच्या बाया पिवळ्या झालेल्या, पोरांचा धिंगाणा, आणि डीजेवाला सुशांत आपले भलेमोठे स्पीकर लावून केव्हा एकदा वाजवतो अशा तयारीत. नाखवा त्याच्याजवळ गेले आणि त्यांनी आपला मोबाइल त्याच्या हातात दिला. "हे आधी," म्हणाले. सुशांतने वायर जोडली आणि मांडवभर कुकरची शिटी वाजली.

लोक हसले. पोरं तर खिदळलीच. मग खवल्यांची खरखर आली आणि म्हाताऱ्या बाया एकदम गप्प झाल्या. त्यांनी आवाजाच्या आधीच ओळखलं असावं.

"कोमल, म्हन माज्या मागं," स्पीकरमधून भीमाबाई म्हणाल्या.

*मांडवाच्या दारी पानी सांडलं...*

आणि थांबल्या. मोकळी जागा. टकटक वाजलं. "हं, आये, एक मिनिट," एवढं मोठं, सगळ्या भावकीला ऐकू गेलेलं. कुणीतरी कोमलकडे बघितलं, मग सगळ्यांनीच. कोमल रोशनीसमोर उकिडवी बसलेली, दोन्ही हात कोपरापर्यंत हळदीचे. मी तिच्याकडे बघू शकले नाही. नाखव्यांकडे बघितलं, तर ते जमिनीकडे बघत होते.

*मांडवाच्या दारी पानी सांडलं...* भीमाबाई पुन्हा म्हणाल्या. "म्हन गो."

पुन्हा थांबल्या. आणि त्या जागेत कोमलने म्हटलं. आवाज सूर सोडून, अर्धे शब्द आतच. पण तिने ती ओळ पुरी म्हटली. रोशनीच्या गालावर हात ठेवून म्हटली.

*सावकाश ये गो लेकी, पाय निसरंल...*

भीमाबाई थांबल्या. कोमलने म्हटलं, आणि या वेळी ती एकटी नव्हती. मांडवातल्या सगळ्या बाया तिच्याबरोबर म्हणत होत्या, कारण ती ओळ त्यांना आयुष्यभर पाठच होती. भीमाबाईंनी सोडलेली जागा तेवढी भरायची होती. मलाही येत होती, भिंतीपलीकडून ऐकून. मीही म्हटलं. माझा गळा कावळ्याचा आहे, तरी म्हटलं.

स्पीकरमध्ये नुसती खरखर राहिली. भीमाबाईंनी एक उसासा टाकला. नाखव्यांनी माझ्यासमोर मोबाइल बंद केला होता तो इथेच. याच्यापुढचं मी ऐकलं नव्हतं, आणि कोमलनेही त्या दिवशी बटणं दाबण्याच्या नादात ऐकलं नसावं.

"ऱ्हाऊ दे," भीमाबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "म्हनशील कवातरी."

कोमलने रोशनीच्या खांद्यावर डोकं टेकलं. हळद दोघींच्या केसांना लागली. म्हाताऱ्या बायांनी पदर डोळ्यांना लावले आणि मी माझा लावला, त्यात लाजायचं काय.

फाइल अजून संपली नव्हती. स्वयंपाकघरात कुणीतरी चालत गेलं, ताटाचा आवाज झाला, नळ सुरू झाला. नाखवा स्पीकरजवळ उभे राहून ऐकत होते. शेवटी एक खोकला आला, त्यांचाच, आणि मग काही नाही. सुशांतने विचारलं, "नाखवा, आता लावू का गाणी?"

"थांब जरा," नाखवा म्हणाले.